वाढत्या अंगाची तलवार

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आमच्या हाती आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळीत आहोत. पत्राचा आशय असा : त्यांचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा असून शाळेत तलवारबाजी शिकतो. थोरला चौदा वर्षांचा. तोही पूर्वी हाच खेळ खेळत असे, परंतु आता त्याने तो सोडला आहे. घरची स्थिती बेताची, म्हणून थोरल्याचे जाकीट, मास्क आणि तलवार धाकट्याच्या स्वाधीन झाली. स्पर्धेच्या दिवशी मायलेकरे पहाटेच्या मोटारीने जिल्ह्याच्या गावी गेली. खेळापूर्वी साहित्याची तपासणी झाली आणि तपासनिसाने तिन्ही वस्तू बाजूला काढून ठेवल्या. तलवार लांब होती, मास्क सैल होता, आणि जाकीट उजव्या हाताने खेळणाऱ्याचे, तर मुलगा डावखुरा! दुसऱ्या कोणाचे साहित्य वेळेवर मिळाले नाही. मुलगा दिवसभर भिंतीशी बसून इतरांचा खेळ पाहत राहिला आणि परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलला नाही.

त्या माउलीने आम्हांस विचारले आहे, "चार बोटांच्या फरकासाठी गरिबाच्या लेकराला परत पाठवणे हा कुठला न्याय?"

पत्र वाचून आमचे मन प्रथम आईच्याच बाजूस झुकले, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. आपल्या घरांतून थोरल्याचे धाकट्याने वापरावे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पुस्तके, सदरे, चपला, सारे असेच खाली उतरत येते. पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा तीन-तीन बहिणींच्या अंगावर शोभतो. प्रत्येकीच्या वेळी आई काठ उसवते किंवा दुमडते, एवढेच. नवे कापड घेतलेच तर शिंप्याला आपण बजावतो, "वाढत्या अंगाचे शीव बाबा!" ही काटकसर आहे आणि काटकसर हा सद्गुण आहे. मग तलवारबाजीनेच या सद्गुणाशी वैर का धरावे?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही मुलांच्या एका स्पर्धेत तपासणीच्या टेबलाशी सकाळभर बसलो, जाणत्यांस विचारले, नियमही वाचले. जे समजले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. तलवारबाजीत शस्त्रांचे तीन प्रकार आहेत : फॉइल, इपी आणि सेबर. तिन्हींना धार नसते. फॉइल आणि इपी यांनी टोक टेकवून गुण मिळवायचा. सेबरने टोक टेकवूनही चालते आणि पात्याचा स्पर्श करूनही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे फॉइल व इपी यांची मुठीसकट एकूण लांबी ११० सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये आणि पाते ९० सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये. सेबरसाठी हेच आकडे १०५ आणि ८८ आहेत. फॉइल व सेबर वजनाने ५०० ग्रॅमच्या आत हवी, इपी ७७० ग्रॅमच्या आत.

ही मापे वाढलेल्या माणसाची आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. मुलांसाठी पात्यांचे क्रमांक ठरलेले असतात. पाच क्रमांकाचे पाते म्हणजे पूर्ण लांबीचे, ९० सेंटिमीटरांचे. दोन क्रमांकाचे सुमारे साडेब्याऐंशी सेंटिमीटरांचे, आणि शून्य क्रमांकाचे सुमारे ७७ सेंटिमीटरांचे. कोणत्या वयाला कोणता क्रमांक हे जगभर एकच एक ठरलेले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत स्पर्धांत वर्षाच्या १ जानेवारीस तेरा वर्षे पूर्ण नसलेल्या खेळाडूस प्रवेशच नाही. त्यामुळे त्याहून लहानांची व्यवस्था प्रत्येक देशाची संघटना स्वतः लावते. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या गटाला दोन क्रमांकाहून लांब पाते चालत नाही. फ्रान्समध्ये रूढ क्रम असा की, अगदी लहानग्यांच्या हाती शून्य क्रमांक, तेरा वर्षांखालील गटाला दोन क्रमांक आणि पंधरा वर्षांखालील गटात पोहोचल्यावर पाच क्रमांक. म्हणून आईवडिलांनी पहिली गोष्ट ही करावी की, ज्या स्पर्धेला मूल जाणार तिचे परिपत्रक मागून घ्यावे आणि त्यातील साहित्याचे कलम वाचावे. शेजारच्या जिल्ह्यात गेल्या वर्षी काय चालले, यावर विसंबू नये.

आता त्या चार बोटांचा हिशेब करू. पाच क्रमांकाचे पाते आणि दोन क्रमांकाचे पाते यांत साडेसात सेंटिमीटरांचा फरक आहे. आपली चार बोटे जुळवून धरली तर जेमतेम तेवढेच माप भरते. एवढ्याने काय होते? नऊ वर्षांच्या मुलाची उंची १३० सेंटिमीटर धरा. त्याच्या हाती ११० सेंटिमीटरांची तलवार दिली तर ती त्याच्या उंचीच्या शेकडा ८५ भरते. पावणेदोन मीटर उंचीच्या प्रौढाला तीच तलवार उंचीच्या शेकडा ६३ पडते. प्रौढाच्या हाती मुलाच्याच प्रमाणात तलवार द्यायची झाली तर ती जवळजवळ दीड मीटर लांब करावी लागेल! अशी तलवार घेऊन कोणी चपळाई दाखवू शकेल काय?

वजनाचेही तसेच. घरातील केरसुणी बुडख्याशी मुठीत धरून आडवी उचलून पाहा आणि मग मध्यावर धरून पाहा. वजन तेच, पण पहिल्या खेपेस मनगट दुखते. भार मुठीपासून जितका दूर, तितका तो मनगटाला अधिक जाचतो. लांब पाते हाती आले की मूल काय करते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. मनगट खाली पडते, ते सावरण्यासाठी खांदा वर चढतो, कोपर बाहेर जाते, आणि बोटांनी करावयाचे काम सबंध हात करू लागतो. शिक्षक सांगतात की, ही खोड एकदा जडली की पुढे ती मोडण्यात वर्षे जातात. 'मोठी तलवार धरील तर हात लवकर तयार होईल' असे पुष्कळ पालकांस वाटते. प्रत्यक्षात हात तयार होण्याऐवजी बिघडतो. मुठीचेही लहान-मोठे आकार असतात. मुलाची बोटे मुठीभोवती नीट बसली नाहीत, तर पाते कितीही आखूड असून उपयोग नाही.

शिवाय समोरच्या मुलाचाही विचार करावयास हवा. त्याच्या हातात नियमाप्रमाणे दोन क्रमांकाचे पाते आहे आणि आपल्या मुलाच्या हातात पाचाचे. चार बोटे अगोदर आपले टोक त्याच्या छातीला लागणार. ज्या खेळात क्षणाच्या अंतराने गुण जातो, त्यात हे जड पारड्याचे माप झाले. आपण बाजारात चोख तराजू मागतो. मग खेळाच्या पट्टीवरही तो मागावयास नको काय?

तलवारीचे झाले, आता मास्ककडे वळू. येथे प्रश्न गुणांचा उरत नाही, जिवाचा होतो. १९८२ साली रोम येथे जागतिक स्पर्धा भरली होती. सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव्ह हा १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील फॉइलचा वैयक्तिक विजेता. सामना चालू असता प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि मोडके टोक मास्कची जाळी भेदून आत गेले. काही दिवसांनी स्मिर्नोव्हचा अंत झाला. प्रतिस्पर्ध्याचा हेतू दुष्ट नव्हता, खेळही नियमास धरून चालला होता. पाते शाबूत असताना त्याचे टोक बोथट असते आणि ते वाकून धक्का गिळते. मोडल्यावर मात्र उरते ती टोकदार, ताठ सळई. या मृत्यूनंतर खेळाचे साहित्य मुळापासून सुधारण्यात आले. जाळी मजबूत झाली, कपड्यांस भेद न होणारे धागे आले, आणि पात्यांसाठी निकेलयुक्त अशी विशेष पोलादी मिश्रधातू आली, जिच्यात तडा गेला तरी तो फार सावकाश पसरतो.

आज कपड्यांची ताकद न्यूटन या मापाने सांगतात. एक न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने शंभर ग्रॅम वजनाचा दाब. ३५० न्यूटनचे कापड ठराविक टोकाखाली सुमारे ३५ किलोंच्या भारास तोंड देते, ८०० न्यूटनचे सुमारे ८० किलोंच्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जाकीट ८०० न्यूटनचे लागते आणि मास्कला गळ्याशी जोडलेला जाड पदर १६०० न्यूटनचा. जाळीच्या परीक्षेसाठी १२ किलोंच्या दाबाचा टोकदार दाभण असतो. हे आकडे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. एवढी तयारी असल्यामुळेच हा खेळ मैदानी खेळांमध्ये बराच निर्धोक ठरला आहे.

पण ही सगळी तयारी एका गोष्टीवर टांगलेली आहे, आणि ती म्हणजे माप. सोळाशे न्यूटनचा पदर हनुवटीखाली नीट बसला नाही, तर त्याचे सोळाशे न्यूटन कोणाच्या उपयोगाचे? तपासणीच्या टेबलाशी आम्ही एक दृश्य पाहिले. तपासनिसाने एका चिमुरडीला मास्क घालावयास सांगितले. मग म्हणाला, "बाळ, खाली वाक आणि मान हलव." तिने मान हलविली, तेव्हा मास्क घंटेसारखा डोक्याभोवती फिरला आणि तिचे कान जाळीत आले. खेळता खेळता असा मास्क वर उचलला गेला तर गळा उघडा पडेल. तपासनिसाने मागची पट्टी आवळून पाहिली, डोक्यामागची लोखंडी जीभ वाकवून पाहिली. बसला नाही, तेव्हा पेटीतला लहान मास्क काढून दिला. मुलीचा चेहरा खुलला. आम्हांस मात्र आमच्या पत्रलेखिकेचा मुलगा आठवला. त्या दिवशी तेथेही पेटीत एक लहान मास्क असता तर!

जाकिटाचा नियम असा की, खेळाडू पवित्र्यात उभा राहिला असता जाकीट तुमानीवर निदान दहा सेंटिमीटर आले पाहिजे. जाकीट लहान असेल तर पुढे झेप घेताना ते वर सरते आणि कंबर उघडी पडते. फार मोठे असेल तर त्याच्या घड्या पडतात, टोक घडीत अडकते, गळ्याशी फट राहते. तुमान गुडघ्याखाली बांधलेली आणि मोजा तिच्यात जाणारा हवा. मध्ये पाय उघडा दिसता कामा नये. हातमोजा शस्त्राच्या हाताच्या कोपरापर्यंतच्या भागाला निम्म्यापर्यंत झाकील असा हवा, नाहीतर पाते बाहीत शिरते. जाकिटाच्या आत शस्त्राच्या बाजूस काखेखालून एक जादा कवच घालतात, त्यास प्लॅस्ट्रॉन म्हणतात. त्याला काखेत शिवण नसावी. मुलींनी छातीचे कठीण कवच घालावे.

डावखुऱ्याचे प्रकरण आता सहज उलगडेल. जाकिटाची उघडझाप शस्त्राच्या हाताच्या विरुद्ध बाजूस हवी असा नियम आहे, कारण प्रतिस्पर्ध्याचे पाते बहुधा शस्त्राच्या बाजूकडेच येते. तेथे साखळी किंवा पट्टी असेल तर टोक तिच्यात शिरण्याचा धोका. प्लॅस्ट्रॉनचेही तेच, उजव्या हाताचा प्लॅस्ट्रॉन डावखुऱ्याने घातला तर नको ती काख झाकली जाते आणि हवी ती उघडी राहते. म्हणून उजव्या थोरल्याचे जाकीट डावखुऱ्या धाकट्याच्या अंगास अगदी बेतून आले असते तरीही ते परत गेलेच असते.

फॉइल आणि सेबर यांत वरून आणखी एक धातूच्या विणीचे जाकीट घालतात; त्याला टोक लागले की विजेचा दिवा लागतो. फॉइलमध्ये फक्त धडावरचा स्पर्श गुणास पात्र असतो. हे जाकीट मुलास मोठे झाले तर मांडीवरचा स्पर्शही गुण देऊन जातो आणि मूल उगाच हरते. लहान झाले तर धडाचा काही भाग झाकलाच जात नाही आणि प्रतिस्पर्ध्याचा खरा गुण बुडतो. माप चुकले की कोणाचा तरी तोटा ठरलेलाच.

दाविदाची गोष्ट आपणा सर्वांस बालपणापासून ठाऊक आहे. गल्याथाशी लढावयास निघालेल्या त्या पोराच्या अंगावर शौल राजाने स्वतःचे चिलखत चढविले. राजाचे चिलखत हलके-सलके थोडेच असणार? परंतु दाविदाला त्यात पाऊलही टाकता येईना, म्हणून त्याने ते उतरवून ठेवले. चिलखत उत्तम होते आणि मुलगाही उत्तम होता. पण त्या दोहोंचा मेळ नव्हता. आमच्या पत्रलेखिकेच्या मुलाचेही तेच झाले. त्याला परत पाठविले ते तो उणा होता म्हणून नव्हे, हे त्याला आईने आवर्जून सांगावे. मुले अशा वेळी दोष स्वतःकडे घेतात आणि मुकी होतात.

तेव्हा आमचा निवाडा असा की, तपासनिसाने योग्य तेच केले. परंतु, भगिनी, तुमची तक्रार खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाचे माप चुकले आहे ही गोष्ट स्पर्धेच्या सकाळी कळावी, यात चूक मुलाची नाही आणि तुमचीही नाही. मुलास स्पर्धेला नेणाऱ्या शाळेने हे महिनाभर आधी पाहावयास हवे होते. नियम लावणाऱ्यावर नियम आधी समजावून देण्याचीही जबाबदारी येते.

गरिबीची अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहेत. चेन्नईच्या भवानी देवी हिने २००४ साली शाळेत हा खेळ सुरू केला, तेव्हा सरावासाठी मुले बांबूच्या काठ्या वापरीत आणि खऱ्या तलवारी सामन्यांपुरत्या राखून ठेवीत. हीच मुलगी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, उतरली. तेथे खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज. पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला. २०२३ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. पावलांचा सराव करावयास काठीही लागत नाही, अंगण पुरते. समोरासमोर खेळताना मात्र साहित्य मापाचेच हवे, त्यात तडजोड नको.

मग ते आणावे कसे? आमची सूचना अशी. कोणत्याही एका घराने सबंध साहित्य विकत घेऊ नये. मूल दोन वर्षांत त्यातून बाहेर येते. शाळेने किंवा गावाने मिळून एक पेटी करावी : लहान, मध्यम आणि मोठे मास्क; दोन-तीन मापांची जाकिटे, त्यांत एक तरी डाव्या हाताचे; शून्य आणि दोन क्रमांकांची पाती. प्रत्येक वस्तूवर माप आणि वर्ष स्पष्ट लिहावे. ज्याचे मूल वाढले त्याने आपले साहित्य पेटीत द्यावे आणि पुढचे माप घ्यावे. थोरल्याचे धाकट्याला देण्याची आपली रीत यात मोडत नाही; एका घराऐवजी सगळ्या गावाची मुले एकमेकांची भावंडे होतात, एवढाच काय तो फरक.

घरच्या माउलींसाठी चार शब्द. ही जाकिटे दगडावर आपटून धुऊ नयेत, त्यांस कपडे पांढरे करण्याची पूड लावू नये, कडक उन्हात वाळवू नयेत. धाग्यांची ताकद जाते आणि वरून ते कळतही नाही. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत टांगावी. मास्क खेळून आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नये. घामाने जाळी गंजते. जाळीत खळगा किंवा तांबेरा दिसला तर तो मास्क कितीही मापाचा असला तरी शिक्षकांस दाखविल्यावाचून मुलाच्या डोक्यावर चढवू नये.

आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी घरीच तपासणी करावी. मुलाला सगळे अंगावर चढवून पवित्र्यात उभे करावे. हात वर करावयास, पुढे झेपावयास, वाकून मान हलवावयास सांगावे. कंबर दिसते का, गळ्याशी बोट शिरते का, मास्क हलतो का, मोजा खाली उतरतो का, एवढे पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा असतात. वाढदिवसाला नवी रेघ ओढाल, त्याच दिवशी तलवारीचा क्रमांक आणि जाकिटाचे मापही त्या रेघेशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे.

पत्रलेखिका भगिनीस शेवटी एवढेच सांगावयाचे : थोरल्याची पाच क्रमांकाची तलवार विकू नका. तिला तेलाचे बोट लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. धाकट्याला ती दाखवा आणि सांगा की, ही तुझीच आहे. फक्त तुझा हात तिच्यापर्यंत पोहोचावयाचा आहे. आणि पुढच्या स्पर्धेत तो त्याच्या मापाचे आखूड पाते घेऊन उतरेल, तेव्हा आम्हांस दोन ओळी अवश्य लिहून कळवा. तो जिंकला की हरला, हे कळविले नाहीत तरी चालेल.